तिसरी खेप

शवागाराच्या खिडकीत आता माणसाऐवजी यंत्र बसलं होतं. वीस वर्षांच्या नोंदी वाचून ते आपणहून कारकुनाचं काम शिकलं होतं. शीतपेटी कालपासून बंद होती आणि वास पार फाटकापर्यंत पोचला होता. निर्मला ठोंबरेंनी वडिलांचा देह न्यायला सगळे कागद दिले, तरी यंत्र म्हणालं, "उद्या या."

"अहो साहेब, कमी काय आहे?" त्यांनी अधीक्षक मोघेंना विचारलं.

"काहीच नाही, बाई. आमचे आधीचे कारकून घोसाळकर सगळ्यांनाच दोनदा परत पाठवायचे. यंत्राला वाटलं, नियमच आहे."

"मग बदला की तो! बाबा सडतायत आत."

"अर्ज दिलाय ना यंत्राकडे," नाकावरचा रुमाल जरासा सरकवून मोघे म्हणाले. "माझी एकच खेप झालीय."