नदीपल्याडची नोंद

"रुजू व्हायच्या दिवशी वय साठीच्या आत हवं, कॅप्टन," मुंबईचा एजंट फोनवर सांगत होता. "नैरोबीवाले त्यात एक दिवससुद्धा सोडत नाहीत."

"आणि पासपोर्टावरची तारीखच चुकीची असली तर?"

"मग दुरुस्त करून आणा. मी आठवडाभर जागा धरून ठेवतो."

वैजनाथने फोन ठेवला आणि औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घरात येरझाऱ्या सुरू केल्या. रुजू व्हायचं होतं पंधरा जुलै दोन हजार सातला. पासपोर्टावर जन्मतारीख होती एक जून सत्तेचाळीस. त्या दिवशी साठी उलटून दीड महिना झालेला असणार, तेवढ्यावरच सगळं अडलं होतं.

ज्या उद्योगपतीचं विमान तो चौदा वर्षं उडवत होता, त्याने ते जुनं पंख्याचं विमान भंगारात काढलं. नव्या कंपन्या वैजनाथला चहा पाजून परत पाठवत. तसली विमानं आता आफ्रिकेतच उडत होती, आणि तिथली ही एकच कंपनी त्याला घ्यायला तयार झाली होती. बायको गेल्यापासून घरात तो आणि म्हातारी आई. चौदा महिने तो नुसता बसून होता. चिकलठाण्याकडे उतरणाऱ्या विमानाचा आवाज आला की त्याच्या हातातला घास हातातच राही. ही नोकरी गेली तर आपण पुन्हा कधीच उडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या विचारानेच तो कासावीस होई.

आता एक जूनचं म्हणाल, तर ती तारीख मास्तरांची. त्या काळी मराठवाड्यात पोराला शाळेत घालताना मास्तर त्याच्याकडे नीट बघत, अंदाजाने वर्ष लावत आणि दिवस सगळ्यांना एकच देत. अख्खा वर्ग एक जूनला जन्मलेला! आई सरूबाईने मात्र त्याला लहानपणापासून वेगळंच सांगितलं होतं. रझाकारांच्या भीतीने पैठणजवळचं गाव सोडून सगळे गोदावरीपल्याड नगर जिल्ह्यात गेले. तिथे निर्वासितांच्या छावणीत, पोलीस ॲक्शनच्या पंधरा दिवस आधी, तिला मुलगा झाला. म्हणजे सन अठ्ठेचाळीस. म्हणजे साठीला अजून वर्षाहून जास्त अवकाश!

"आई, मी उद्या पल्याड जातो," तो म्हणाला. "तिथं निजामाचं राज्य नव्हतं. छावणीतले जन्म लिहून ठेवले असतील."

सरूबाई मेथी निवडत होती. "काय मिळायचंय तिथं? पुरात गेलं असंल समदं."

"कचेरी नदीपासून लांब आहे."

"मास्तरनं लावली ती तारीख बरी हाय. मीच सांगितलं व्हतं त्याला, वरीस वाढवून लाव म्हणून."

"तेच तर आता नडलंय!"

"ह्या वयात परमुलखात कशाला जातो, वैजू? मला कोन हाय मागं?"

वैजनाथने आयुष्यात पहिल्यांदा आईवर आवाज चढवला. "तुला मी इथं कुजलेला चालेन, पण उडालेला चालत नाही!"

सरूबाई उठून आत गेली. मेथीची जुडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो पैठणमार्गे पल्याडच्या तालुक्याला पोचला. कचेरीतला कारकून पुंजाराम सज्जन माणूस. त्याने कपाटं उपसली, धुळीने दोघं पांढरे झाले आणि दुपारी नोंद सापडली. एकोणतीस ऑगस्ट अठ्ठेचाळीस. मुक्काम छावणी. बाप फकिरा, आई सरूबाई, पुरुष जातीचं मूल. गावही बरोबर.

वैजनाथने त्या कारकुनाला मिठीच मारली. साठीकडे झुकलेला माणूस भर कचेरीत रडला.

"साहेब, हे बी बघा," पुंजारामने पुढचं पान उलटलं. दोन सप्टेंबर, मृत्यू. बाप फकिरा, मूल पुरुष जातीचं, वय चार दिवस. "जुळं असंल. गडबडीत जन्म एकच लिवला असंल."

आपल्याला एक भाऊ होता! वैजनाथला क्षणभर वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर तेवढंच. आनंद त्याहून फार मोठा होता. दोन्ही नोंदींच्या नकला घेऊन तो औरंगाबादेत परतला आणि थेट वकिलाकडे गेला. वकिलाने प्रतिज्ञापत्र करून दिलं. जन्माच्या नोंदीतला मुलगा तो हाच वैजनाथ, असं आईने शपथेवर सांगायचं, की पुढचं सोपं होतं. वाटेतूनच त्याने एजंटला फोन केला. "जागा सोडू नका. पुरावा मिळाला."

घरी येताच त्याने सरूबाईपुढे कागद पसरले आणि शाईचं पॅड उघडलं.

"आई, फक्त अंगठा दे. तुलाही घेऊन जाईन मी. कालचं बोलणं मनात ठेवू नकोस."

तिने हात पदराखाली घेतले. "काय लिवलंय त्यात?"

त्याने सगळे कागद वाचून दाखवले. मग म्हणाला, "मला जुळा भाऊ होता, हे कधी बोलली नाहीस."

"जुळं नव्हतं."

"मग हा चार दिवसांचा कोण?" त्याने मृत्यूची नक्कल तिच्यापुढे सरकवली.

सरूबाईने मृत्यूच्या नोंदीवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ते बोट बराच वेळ तिथंच राहिलं.

"माझा लेक. येकच झाला मला. छावणीमागं मीच पुरला त्याला, ह्या हातानं. त्याच्या जन्मावर मी दुसऱ्यासाठी अंगठा कशी देऊ?"

"मग... मी?"

"पोलीस ॲक्शन झाली, आन् आमी माघारी निघालो. नदीच्या घाटावर नावंत चढायला लई रेटारेटी. मानसं आपापली लेकरं खांद्यावर घेऊन पळत व्हती." म्हातारीने त्याच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला. "त्या गर्दीत तू दिसलास, वैजू. कुनाचं बोट नाय धरलेलं, आपल्या पायानं येकटाच चालत व्हतास."