विल्फची राख

तपासनीस इंजिनाच्या भट्टीच्या तोंडातून सरपटत बाहेर आला. काजळीनं तोंड काळं झालं होतं.

"चीर आहे. चांगली बोटभर. हे इंजिन पेटवायचं नाही."

फलाटावरच्या बाकावर मेव्हिस मांडीवर डबा घेऊन बसली होती. डब्यात तिच्या नवऱ्याची, विल्फची राख होती. यॉर्कशरमधल्या त्या चार मैलांच्या, हौशी मंडळींनी चालवलेल्या वाफेच्या रेल्वेची एक पद्धत होती. तिथं राबून गेलेल्या माणसाची राख फावड्यावर घेऊन इंजिनाच्या पेटत्या भट्टीत टाकायची आणि चढावर लांब शिट्टी द्यायची. मग तो माणूस धुराड्यातून रानभर व्हायचा. विल्फनं लिहवून ठेवलं होतं, माझी राख पोलिश इंजिनातच टाका, दुसऱ्या कुठल्याही नाही.

पोलंडच्या कोळशाच्या खाणीतून आलेलं ते बुटकं इंजिन. बाकीची सगळी इंग्लंडात घडलेली, त्यांना नावं होती, पितळी पाट्या होत्या. याला सगळे 'परकं' म्हणत आणि गळक्या पत्र्याखाली ठेवत. विल्फचा जीव नेमका त्याच्यावर जडला. सोळा वर्षं दर शनिवारी रात्र पडेपर्यंत तो त्याच्या मागं होता. इंजिनाचे आराखडे वाचता यावेत म्हणून साठी उलटल्यावर पोलिश शिकला. घरातलं कपडे धुवायचं मशीन कसं चालू करतात, ते मात्र मरेपर्यंत त्याला जमलं नाही. मेव्हिसला त्या इंजिनाचा मनापासून राग होता.

रेल्वेच्या समितीचा अध्यक्ष क्लिफर्ड टोपी हातात घेऊन आला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, मेव्हिस. आपलं लाल इंजिन पेटलेलंच आहे. त्यात करू. विल्फ थोडाच तक्रार करतोय!"

"तो? डब्यातून ओरडेल." तिनं पोलिश इंजिनाकडं पाहिलं. "आणि याचं काय?"

क्लिफर्डनं नजर चुकवली. "भंगार. भाग मिळत नाहीत याचे. सगळ्यांचं कधीचंच ठरलंय, फक्त तुझ्या आजच्या दिवसासाठी थांबलो होतो."

सोळा वर्षं तिला हेच हवं होतं. आता ऐकलं, आणि ते नको झालं. विल्फची शेवटची इच्छा होती, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. तिनं पिशवीतून त्याची तेलकट वही काढली. राखेबरोबर भट्टीत टाकायला आणली होती. इंजिनाची वही म्हणून तिनं ती कधी उघडलीही नव्हती.

"बघू?" म्हणत तपासनिसानं शेवटचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं.

"अकरा मार्च. इंजिन हिवाळाभर थंड होतं. आज भट्टीत उतरलो. मागच्या पत्र्याला चीर, बोटभर. तपासणीत पास होणार नाही. क्लिफर्ड भंगारात घालणार."

"अकरा मार्च?" मेव्हिस पुटपुटली.

राखेबद्दलचा कागद बारा मार्चचा होता. अकराच्या रात्रीच तो कोसळला होता; दुसऱ्या दिवशी अंथरुणातून त्यानं सांगितलं होतं आणि तिनंच लिहून घेतला होता. म्हणजे इंजिन पेटणार नाही हे ठाऊक असूनच त्यानं त्याची भट्टी मागितली होती. सभासदाची राख ज्या इंजिनासाठी ताटकळलीय, ते मोडीत काढायला समिती धजणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. लबाड म्हातारा! तिला हसू आलं, आणि लगेच रडू फुटलं. त्याच्या जिवंतपणी त्या इंजिनापुढं तिचं काही चाललं नाही. आता तो मेल्यावरही नाही.

पलीकडं लाल इंजिन वाफ सोडत उभं होतं. एकदा 'चालेल' म्हटलं असतं तर ती सुटली असती.

ती उठली. थंडगार पोलिश इंजिनात वाकून तिनं डबा ड्रायव्हरच्या बैठकीवर ठेवला.

"नवा पत्रा घाल याला, क्लिफर्ड."

"अगं, पाच वर्षं लागतील. तू आत्ताच ऐंशीची आहेस."

"लागू देत. जेवण झाकून ठेवून वाट बघायची सवय आहे मला."