दोष कुणाचा

“सकाळी सुरू व्हायला फार छळते,” मोजणीदार म्हणाले आणि बॉनेट उघडून बाजूला झाले. उभी हयात जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. तक्रारसुद्धा मोजूनमापून सांगितली.

“आणि चौकाचौकात बंद पडते, ते कोण सांगणार?” बाकावर बसलेली बायको म्हणाली.

“ते गाडीचं नाही. ते माझं आहे.”

गॅरेजवाल्या बाईने मान वर करून पाहिलं. मोजणीदारांचा हात नकळत डाव्या मांडीवर गेला. सहा महिन्यांपूर्वी त्या अंगावरून वारं गेलं होतं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी चालवून, वाकवून, सगळं तपासून गाडीची परवानगी दिली. पण पहिल्याच सिग्नलला इंजिनाने मान टाकली. दुसऱ्यालाही. क्लच नीट दाबला जात नसणार, दुसरं काय? लेक फोनवर म्हणाली होती, “बाबा, रविवारी येते आणि किल्ली घेऊन जाते.” त्यांनी वाद घातला नव्हता. बायकोला त्याचीच धास्ती वाटली होती.

बाईने चारही प्लग काढले. काजळीने काळे पडले होते. तिने ते घासून लख्ख केले, पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला, सगळं जागच्या जागी बसवलं. मग गाडी न्यूट्रलला आहे हे पाहून तिने खिडकीतूनच हात घालून किल्ली फिरवली.

एका झटक्यात इंजिन सुरू झालं. हुडहुडी भरल्यासारखं थरथरलं. आणि बंद पडलं.

तिने पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तेच.

“काका,” बाई म्हणाली, “आता कुणाचा पाय होता?”

मोजणीदारांनी गाडीत पाहिलं. सीट रिकामी होती. पेडलजवळ नुसती पायपुसणी पडली होती.

ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, परत आले. “अजून एकदा करता?” त्यांनी विचारलं.

बाईने अजून एकदा केलं. गाडी अजून एकदा बंद पडली. बंद पडलेल्या गाडीकडे इतक्या आनंदाने बघणारं गिऱ्हाईक तिने पहिल्यांदाच पाहिलं.

मग बायकोला सीटवर बसवून, न्यूट्रललाच हलकी रेस धरायला सांगून, तिने इंजिनाजवळ कान नेला. कुठेतरी बारीक फुसफुस चालली होती. कार्बोरेटरच्या मागून एक करंगळीएवढी रबरी नळी जात होती. तिने ती बोटांच्या चिमटीत घट्ट धरली आणि म्हणाली, “काकू, आता पाय काढा.”

काकूंनी पाय काढला. इंजिन चालूच राहिलं.

“चिरलीय. इथून नको ती हवा आत जाते. गाडी बरेच दिवस उभी होती का?”

“पाच महिने,” मोजणीदार म्हणाले. “मी आडवा होतो तेव्हा ती उभी होती.”

नवी नळी बसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. इंजिनाची संथ चाल ठरवणारा स्लोचा स्क्रू थोडा फिरवून बाईने बॉनेट लावलं आणि म्हणाली, “पायाला उगाच बोल लावत होतात.”

पहिल्या चौकात सिग्नल लाल होता. मोजणीदारांनी क्लच दाबला, ब्रेक लावला, गिअर काढला आणि श्वास रोखून बसले. इंजिन एका लयीत चाललं होतं. इतकं हळू की ऐकायला कान द्यावा लागत होता. ते कान देऊन बसले. डोळे भरून आले तरी पुसायचं त्यांना सुचलं नाही.

सिग्नल हिरवा झाला. शेजारच्या गाड्या निघून गेल्या.

“अहो, गाडी चालू आहे,” बायको म्हणाली. “तुम्हीच बंद पडलात.”