सहानुभूतीची जागा

“तुमच्या मतदारसंघाच्या इतिहासाला पानभर जागा कशाला हवी?” संपादक चष्मा पुसत म्हणाला. “एका ओळीत संपतो. पडायची वेळ आली की घरात कुणीतरी जातं, आणि जागा घरातच राहते.”

वहिनी हसली नाही. अख्खा मतदारसंघ तिला वहिनी म्हणायचा. विरोधकसुद्धा भर सभेत शिव्या घालायचे त्या वहिनी म्हणूनच.

“पुरवणीत हे असंच छापणार?”

“खोटं काय त्यात? आधी तुमचे चुलत सासरे. वारं फिरलं होतं, लोक तोंडावर दारं लावत होते. प्रचारातच गाडी पुलावरून खाली गेली. मतदान पुढे ढकललं, तिकीट तुमच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, समोरच्याचं डिपॉझिट जप्त. पुढे आबा थकले म्हणून तुमच्या यजमानांना आणलं. तेही दुसऱ्या खेपेला पडणारच होते. झोपेतच गेले बिचारे. मग तुम्ही उभ्या राहिलात आणि लोकांनी रडत रडत मतं दिली.” त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. “आता तुम्ही पडताय. खरं ना?”

खरंच होतं. आमदार ती, सह्या तिच्या, कारभार दिराचा, भाऊंचा. नळ कोरडे, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि भिंतीभिंतीवर तिचे जोडलेले हात. लोकांनी काय ते हात चाटायचे?

संपादक गेला, पण त्याची ओळ काही गेली नाही. आबा आठवडाभर दवाखान्यात होते. छातीत कफ, वर म्हातारपण. कार्यालयात येणारा जो तो आधी तेच विचारत होता, “आबांचं कसं काय?” आजवर तिला ती माया वाटत होती. आज तिनं विचारणाऱ्यांचे डोळे पाहिले. दुकान कधी उघडतंय म्हणून बाहेर ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांचे डोळे होते ते.

काल दीर डॉक्टरला कोपऱ्यात घेऊन विचारत होता, “किती दिवस काढतील?” तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

ती सभा सोडून दवाखान्यात गेली. नर्सला बाहेर पाठवलं, सलाईनची बाटली उगाचच उजेडात धरून पाहिली. आपल्याला त्यातलं काय कळणार, हे तिलाही ठाऊक होतं.

“आबा, तुम्हाला वन्संकडे पाठवते. उद्याच. निकाल लागेपर्यंत तिकडेच राहा.”

म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं. “मला कशाला हलवतेस? तूच जा तिच्याकडे.”

“मी गेले तर उभं कोण राहणार?”

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. “उभं राहणाऱ्यांना कधी तोटा आहे का या घरात?”

त्यांचं मन राखायला ती हसली, पांघरूण सारखं केलं आणि दिराला फोन लावला. भांडायची तयारी करूनच. हवं तर वर्तमानपत्रात जाईन, पण म्हाताऱ्याला या लोकांच्या हाती ठेवणार नाही.

“न्या की,” दीर म्हणाला. “हवापालट होईल. गाडीचं मी बघतो.”

“डॉक्टर नको म्हणाले तर?”

“डॉक्टरला मी सांगतो. वहिनी, तुम्ही नका जिवाला लावून घेऊ. तुमचा चेहरा बघा कसा उतरलाय. लोकांपुढे असं जायचं का?”

इतक्या सहज? तिचा विश्वास बसेना. म्हणून ती ॲम्ब्युलन्सच्या मागे स्वतःची गाडी घेऊन वेशीबाहेरपर्यंत गेली. आबांनी काचेतून हात हलवला नाही. रुसले असतील. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. “पोचले गं. पेज प्यायले, मला दोन शिव्या घातल्या. म्हणजे बरे आहेत.”

कितीतरी दिवसांनी तिच्या जिवात जीव आला. पडले तर पडले, तिनं ठरवून टाकलं. आमदारकी जाईल, जगाचं काही अडत नाही. पण या वेळी या घरात मरणावर मतं मागायची नाहीत. ही एक गोष्ट तरी आपण दिराच्या हातून काढून घेतली.

त्याच उत्साहात ती सभेच्या वाटेवर छापखान्यापाशी उतरली. जाता जाता नवे फलक पाहून जावेत.

मशीन धडधडत होतं. छापखान्याचा मालक तिला बघून खुर्चीतून उठला तो उठलेलाच राहिला.

“काय हो, ओळखलं नाही का?”

“नाही, म्हणजे... भाऊ येणार होते न्यायला. परवा सकाळी.”

“मीच बघते ना. माझेच आहेत.”

“थांबा वहिनी, मी भाऊंना फोन...” म्हणत तो मोबाईल घेऊन बाहेर धावला.

मशीनमधून फलक हळूहळू जमिनीवर उतरत होता. तिनं कडेला धरून तो आपल्याकडे वळवला. शाई ओली होती, बोटांना लागली.

पुढे दीर, हात जोडलेले, डोळे पाणावलेले. मागे काळ्या चौकटीत तिचा फोटो. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: ‘वहिनींचं अपुरं राहिलेलं काम मी पुरं करीन.’