पाण्याच्या पंपाचं फोल्डर

अपडेटसाठी वीस जीबी जागा हवी होती आणि म्हाताऱ्या लॅपटॉपात शिल्लक होती तीन. अपडेट झाल्याशिवाय व्हिडिओवर शिकवायचं ॲप उघडणार नव्हतं, आणि सासूबाईंचा गणिताचा पहिला वर्ग पाचला होता. घड्याळात सव्वातीन. सून बाह्या सरसावून बसली होती.

सासरे, म्हणजे नाना, तिच्या खुर्चीमागे उभे. जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस, गंजका नटसुद्धा सहीशिवाय हलू द्यायचा नाही. पण आजची घालमेल वेगळीच होती. ‘पाण्याचा पंप – दुरुस्ती’ नावाच्या फोल्डरात पंप नव्हताच मुळी. तिथे त्यांच्या बायकोचा, बाईंचा, शाळेतल्या निरोप समारंभाचा व्हिडिओ होता. चार वर्षांपूर्वी बाई स्टेजवर गायला उभ्या राहिल्या, पहिल्याच कडव्यात आवाज फाटला आणि त्या तशाच उतरून बाहेर निघून गेल्या. घरी येऊन म्हणाल्या, “ते पुसून टाका. माझी शपथ आहे.” नानांनी खुशाल सांगितलं, पुसलं म्हणून. तेव्हापासून बाईंनी गाणं सोडलं ते सोडलंच. ओट्याशी गुणगुणणंसुद्धा बंद. आता व्हिडिओ सापडला तर नानांची खैर नव्हती, आणि पुसला तर बाईंचं गाणं जगात कुठेच उरणार नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर.

“नाना, पंपाला शंभर जीबी?” सून म्हणाली.

“जुना पंप आहे तो. कागद फार.”

“कागद कसले! व्हिडिओ आहे. एकच. दोनशे छप्पन्न वेळा!”

आता नानाच गार पडले. “काहीतरीच काय! मी आपली सहा महिन्यांनी एक प्रत काढायचो. साठा तपासणीसारखी. फोल्डरातलं सगळं कॉपी करायचं आणि त्याच फोल्डरात ठेवायचं. एक गेली तर दुसरी असावी म्हणून.”

“म्हणजे दर वेळी जुन्या प्रतींच्याही प्रती,” दारातून आवाज आला. बाई वही घेऊन उभ्या होत्या. “दर खेपेला दुप्पट. चार वर्षांत आठ खेपा. दोनशे छप्पन्न बरोबर आहे. पण आहे कसला हा व्हिडिओ?”

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. सुनेने नानांकडे पाहिलं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांना समजायचं ते समजलं.

“शपथ घातली होती मी.”

“हो,” नाना म्हणाले. “नाही पुसवलं गं मला.”

“आई, पुसू का सगळं?” सुनेने हळूच विचारलं.

बाईंनी वही टेबलावर ठेवली. “दोनशे पंचावन्न पूस. शेवटचा मी बघते आणि माझ्या हाताने पुसते.”

जागा झाली, अपडेट सुरू झालं. मग बाईंनी व्हिडिओ लावला. स्टेज, हार, फाटलेला आवाज. बाई नजर न हलवता बघत होत्या. पडद्यावर त्यांची पावलं दूर गेली. सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कुणी. इतक्यात कॅमेऱ्यापाशीच एका पुरुषाने तेच गाणं उचललं. खणखणीत आणि ठार बेसूर. लोक पोट धरधरून हसले, टाळ्या पिटू लागले, पण हा गडी काही थांबेना. सगळी कडवी संपवूनच त्याने दम घेतला.

“अगं बाई! कोण हा?” बाई म्हणाल्या, पण ओळखलं होतंच.

“तू बाहेर गेली होतीस,” नाना पुटपुटले. “सगळे हसायला लागले. म्हटलं, हसायचंच असेल तर मला हसा.”

बाईंचे डोळे भरून आले. हसूही आवरेना. पदराने चेहरा पुसत त्यांनी व्हिडिओ मागे नेला, दुसऱ्या कडव्यापाशी थांबवला.

“आणि या कडव्याची तर पार वाट लावलीत तुम्ही. चाल अशी आहे का ही?”

“मग कशी आहे?”

“अशी,” बाई म्हणाल्या, आणि गाऊ लागल्या.