दोनदा उसवलेला झगा

क्वीन्सलँडच्या आडरानात, मेंढपाळ जेकबच्या घरी पाद्री पेनरोज तब्बल तीन वर्षांनी पोचले. ते घोड्यावरून उतरतात तोच जेकबच्या बायकोने, एडिथने, बाप्तिस्म्याचा पांढरा झगा त्यांच्यापुढे नाचवला.

“दोनदा उसवून मोठा केलाय! तुमची वाट बघत पोर वाढायचं थांबतं होय? आणते हं, निजलाय.”

ती आत गेली. जेकबने घोड्याचा लगाम धरला. “पाद्रीबाबा, तो महिन्याचा असतानाच गेला. टाकीमागे पुरलाय. दफनाची प्रार्थना तेवढी म्हणा.”

पाद्रींची मान खाली गेली. बाप्तिस्मा न झालेल्यासाठी ती प्रार्थना म्हणायची नाही, असा चर्चचा नियम होता.

एडिथ रिकामा झगा खांद्याशी धरून थोपटत बाहेर आली.

पाद्रींनी बादलीतल्या पाण्यात बोटं बुडवली. “नाव काय ठेवायचं बाळाचं?”