आणखी एक हात

"दादा, नाक हलवू नका," चित्रकार तिसऱ्यांदा म्हणाली.

"नाक जागेवरच आहे. मी हसतोय," दादा म्हणाले आणि पुन्हा हसले.

चित्र आज संपवायचं होतं. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी दादांनी पस्तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या आणि आता त्यांच्या संस्थेला सभागृहात त्यांचं चित्र लावायचं होतं. भिंतीवर टांगून घ्यायला आपण अजून मेलो नाही, असं दादांचं म्हणणं. तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधी हजर.

चित्रकाराचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. तिला ब्रश धरायला शिकवलं तिच्या काकाने. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चित्राच्या डोळ्यांत शेवटचा पांढरा ठिपका काकाच लावायचा. डाव्या हाताने, एका दमात, लहानपणी दारात चेमटलेली वाकडी करंगळी बाजूला ठेवून. तेवढ्याने चेहरा बोलायला लागायचा. पण दादा यायला लागल्यापासून काका या खोलीत फिरकला नव्हता. बेल वाजली की तो स्वयंपाकघरात. ठिपक्याचं विचारलं तर म्हणे, तूच लाव, माझा हात थरथरतो. कालच त्याला सुईत दोरा ओवताना तिने पाहिलं होतं. जगाने खुशाल नाकं मुरडावीत, पण काकाने? हे तिला फार लागलं होतं.

दादांची अट एकच होती. चित्रात त्यांच्या उजव्या हातात आणखी एक हात हवा. नुसता हात, मनगटापर्यंत. तेवढं काढायचं राहिलं होतं, म्हणून तिने विचारलं, हा हात कुणाचा?

मग दादांनी पहिल्या मोर्चाची गोष्ट सांगितली. जेमतेम अकरा जण. नोकऱ्या जातील या भीतीने सगळ्यांच्या डोक्यावर कागदी पिशव्या, डोळ्यांपुरती भोकं पाडलेल्या. चौकात पहिला दगड आला आणि दादा मागे वळले. ते पळणारच होते. तेवढ्यात शेजारच्या पिशवीवाल्याने त्यांचा हात धरला आणि मोर्चा संपेपर्यंत सोडला नाही. नंतर पांगापांग झाली. ना नाव कळलं, ना चेहरा दिसला.

"तो हात नसता तर मी त्या दिवशी घरी जाऊन बसलो असतो, कायमचा," दादा म्हणाले. "अजून प्रत्येक सभेत लोकांचे हात बघतो. लोकांना वाटतं, म्हातारा लाजाळू आहे."

"कसा होता हात?"

"डावा. करंगळी वाकडी. माझ्या बोटांत रुतत होती."

ब्रश तिच्या हातात तसाच राहिला. पंधरा दिवसांचा राग एका क्षणात उतरला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. नाव तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगणं तिच्या हातात नव्हतं. पाणी आणते, असं म्हणून ती आत गेली.

काका ओट्यापाशी उभा होता. सोललेला लसूण पुन्हा सोलत होता. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "मला एक हात जमत नाहीये. समोर बघून काढायला हवा. वाटलं तर ये, नाहीतर मी मनाने काढते."

काकाने हातातली पाकळी खाली ठेवली. ती पाणी घेऊन बाहेर आली.

दादा पाणी प्यायले, नीट बसले. आतून कात्रीचा आवाज आला, मग कागद चुरचुरल्याचा. आणि दारात काका येऊन उभा राहिला. डोक्यावर दुकानातून सामान आलेली कागदी पिशवी. डोळ्यांपाशी दोन भोकं, एक वर, एक खाली. उजव्या हातात ठिपक्याचा बारीक ब्रश आणि डावा हात पुढे केलेला.

दादा खुर्चीतून उठले. आता त्यांचा सगळा चेहराच हलत होता, आणि चित्रकाराने त्यांना टोकलं नाही. त्यांनी तो हात हातात घेतला, करंगळी चाचपली आणि घट्ट धरून ठेवला.

"त्या दिवशी जरा गडबडीत होतो," पिशवीतून काका म्हणाला. "नाव सांगायचं राहून गेलं."